दार झालेली मुलगी

प्रिय मोजणीदार,

हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरचा पत्ता मला शाळेच्या नोंदवहीतून उतरवून घ्यावा लागला असता, आणि ते बरं दिसलं नसतं. अक्षर ओळखशील. नऊ वर्षांत ते फारसं बदललेलं नाही, फळ्यावर लिहून लिहून जरा मोठं झालंय एवढंच. मोजणीदार म्हटल्याचा राग मानू नकोस. पुस्तकांचं साधं कपाट आणायचं तरी तू आधी भिंत मोजायचास, मग जिना, मग जिन्याचं वळण, म्हणून हे नाव मी ठेवलं होतं. दुसऱ्या कुठल्या नावाने पत्र सुरू करावं ते सुचलं नाही. मी बरी आहे. दोन खोल्यांत राहते, दुसरीचा वर्ग घेते, सकाळी फिरायला जाते. चष्म्याचा नंबर वाढलाय. माझी खबरबात संपली. बाकीचं पत्र तुझ्या मुलीबद्दल आहे.

ती माझ्या वर्गात आहे हे तुला आता कळलंय. मला ते वर्षाच्या पहिल्याच दिवशी कळलं. हजेरी घेताना तिच्या नावापुढे तुझं नाव आलं आणि मी वाचून पुढे गेले. पुढची नावं कशी वाचली ते आठवत नाही, पण मुलं एकामागून एक ‘हजर’ म्हणत होती, म्हणजे वाचली असणार. मधल्या सुट्टीत मी मोठ्या बाईंकडे निघाले, हिला दुसऱ्या तुकडीत घाला असं सांगायला. त्यांच्या खोलीपर्यंत गेलेही. पण कारण काय सांगायचं ते जुळेना. परत वर्गात आले तर ती बाकावर एकटीच बसून पट्टीने डब्याचं झाकण मोजत होती. मी विचारलं, काय चाललंय? तर म्हणाली, ‘झाकण डब्यापेक्षा मोठं आहे का ते बघतेय.’ मला हसू आलं. त्यानंतर मी कुणाकडे गेले नाही.

तुम्ही घरी तिला टिल्ली म्हणता, ते तिनेच सगळ्यांना सांगून टाकलं, त्यामुळे वर्गातही ती टिल्लीच आहे. वर्गातली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात सावकाश. वहीत समास आखायला तिला पाच मिनिटं लागतात, पण समास असा की पाहत राहावं. मी तिला इतर तिसांसारखंच वागवलं. हे मी फुशारकीने सांगत नाही. पहिले दोन महिने तिच्याकडे बघताना मला मुद्दाम इतरांकडेही तेवढंच बघावं लागायचं. नंतर सवय झाली. मुलं अशीच असतात, ती कुणाची आहेत याचा ती तुम्हाला फार वेळ विचार करू देत नाहीत. कुणाचं नाक वाहत असतं, कुणाची चप्पल हरवलेली असते.

आमच्या शाळेत दुसरीच्या वर्गाने दर वर्षी एक नाटक करायचं असतं. एकतीस मुलं म्हणजे एकतीस कामं, हा माझा नियम. कुणालाही नुसतं टाळ्या वाजवायला बसवायचं नाही. यंदा मीच एक छोटं नाटक लिहिलं. वाऱ्याची शिट्टी हरवते. ती शोधत वारा गावभर फिरतो. डोंगराला विचारतो, विहिरीला विचारतो, मेंढ्यांना विचारतो, कावळ्यावर तर चोरीचा आळच घेतो. शेवटी एका बंद दारापाशी येतो. दार उघडतं आणि म्हणतं, ‘ये वारेदादा, तुझी शिट्टी माझ्या फटीत अडकली होती.’ झालं नाटक. पंधरा मिनिटांचं, पण बसवायला सहा आठवडे लागले. डोंगर म्हणजे तपकिरी चादरीखाली चार मुलं, आणि त्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. त्यामुळे आमचा डोंगर सारखा आतून गुरगुरायचा. वाऱ्याचं काम ज्याला दिलं त्याला सगळे तुफान म्हणतात. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, पण ऐन तालमीच्या दिवसांत त्याचे पुढचे दोन दात पडले आणि शिट्टीची ‘सिट्टी’ झाली. शिट्टी वाजवणं तर दूरच राहिलं. शेवटी विंगेतून मी वाजवायची असं ठरलं.

कामं वाटताना सगळ्यांना वारा व्हायचं होतं. टिल्ली एकटीच हात वर करून म्हणाली, ‘मला दार करा.’ दाराला एकच वाक्य आहे, मी तिला समजावलं. विहीर हो, विहिरीला चार वाक्यं आहेत. ती म्हणाली, ‘पण विहीर मध्येच आत जाते. दार पहिल्यापासून शेवटपर्यंत स्टेजवर असतं. म्हणजे बाबांना मी पूर्ण वेळ दिसेन.’ तू महिन्यातले पंधरा दिवस जमीन मोजणीच्या कामाला बाहेरगावी असतोस, आणि आलास की कागद पसरून बसतोस, हेही तिने त्याच दमात सांगितलं. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. मी तिला दार केलं.

फ्रिजच्या रिकाम्या खोक्याचं आम्ही दार बनवलं. दोन फळ्या, त्यांना आतून दोऱ्या, वर तिचा चेहरा दिसेल एवढी खिडकी. तालमीत पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा खिडकी तिच्या डोक्यावरून गेली. मी पाट आणते म्हटलं, तर तिने स्वतःच फूटपट्टी लावून सांगितलं, ‘एका पाटाने नाही होणार बाई, चार बोटं कमी पडतील.’ मग दोन पाट ठेवले. पंधरा मिनिटं दोऱ्या धरून दोन पाटांवर न हलता उभं राहणं मोठ्यांनाही जमणार नाही. ती राहायची. मेंढ्या एकमेकींच्या अंगावर पडत, कावळा वाक्य विसरून विंगेत माझ्याकडे धावत येई, डोंगर भांडे, आणि दार आपलं दारासारखं उभं. घाम आला तरी दोरी सोडायची नाही.

कपडे शिवायला काही मुलांच्या आया दुपारी शाळेत यायच्या. त्यात तुझी बायकोही होती. मी तिच्याबद्दल काही मत करून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते फार दिवस टिकलं नाही, कारण मला ती आवडली. मेंढ्यांच्या कापसाच्या टोप्या तिने एकटीने केल्या, आणि चौदा टोप्यांत एकही टोपी दुसरीसारखी नाही. एक दिवस बाकीच्या गेल्यावर ती मागे थांबली. दोरा दाताने तोडत म्हणाली, ‘बाई, एक सांगू का? रागावणार नसाल तर.’ सांगा म्हटलं. ‘मी तुम्हाला पहिल्या दिवशीच ओळखलं. लग्नाआधी त्यांनी फोटो दाखवला होता. लपवाछपवी नको म्हणाले.’ मी टेबलावरचा उरलेला कापूस गोळा करू लागले. ‘तेव्हा वाटलं होतं वर्ग बदलून मागावा. पण ही घरी आली की आपलं बाई असं म्हणाल्या, बाई तसं म्हणाल्या. म्हटलं, पोरीचं चांगलं चाललंय, आपण कशाला खोडा घाला.’ मी विचारलं, घरी माहीत आहे का? ती हसली. ‘विचारलं असतं तर सांगितलं असतं. पोरीच्या बाई कोण, हे त्यांनी वर्षभरात एकदाही विचारलं नाही.’ तिने टोप्या पिशवीत भरल्या आणि म्हणाली, ‘आमंत्रणावर तुमचं नाव असणारच. तेव्हा कळेल.’

आपलं काय आणि कसं बिघडलं याची उजळणी मी इथे करणार नाही. सात वर्षं संसार केला. त्यातली चार डॉक्टरांच्या दारात गेली. मी पुरे म्हटलं, तू अजून एकदा म्हणालास, आणि दोघांचंही बरोबर होतं. भांड्याला भांडं लागलं असतं तर निदान आवाज तरी झाला असता. आपण दोघंही शांतपणे खोकी भरत बसलो. तुला पुढे मुलगी झाली हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ते सात वर्षांपूर्वीचं. आता ती सात वर्षांची आहे, तिला आठचा पाढा येतो आणि नऊचा येत नाही, आणि माझा तिच्याशी संबंध एवढाच आहे.

आमंत्रणं मुलांनीच रंगवली. खाली लेखन-दिग्दर्शन म्हणून माझं नाव होतं. तुझ्या बायकोने मला नंतर सांगितलं की तू ते वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि जेवून उठलास. शनिवारी सकाळचा प्रयोग होता. आदल्या दिवशी मुलांनी खुर्च्यांवर आपापल्या घरच्यांची नावं चिकटवली. टिल्लीने तुझी चिठ्ठी दुसऱ्या रांगेत चिकटवली, मग स्टेजवर आपल्या जागी जाऊन उभी राहिली, परत खाली उतरली आणि चिठ्ठी दोन खुर्च्या सरकवली. म्हणाली, ‘तिथून विहीर मध्ये येत होती.’

शनिवारी हॉल भरला. पडदे ओढले, दिवे घालवले, स्टेजवरचा तेवढा ठेवला. मी डाव्या विंगेत वही आणि शिट्टी घेऊन उकिडवी बसले. नाटक जसं जायचं तसं गेलं. डोंगर चालताना मधोमध फाटला आणि दोन टेकड्या दोन दिशांना गेल्या. कावळ्याने दोन वाक्यं गाळली आणि एक स्वतःचं घातलं. लोक हसत होते. टिल्ली खिडकीतून समोर बघत होती. कुठे बघत होती ते मला माहीत होतं. तुझी बायको आली होती आणि तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

वारा दारापाशी आला. ‘दारा रे दारा, माझी सिट्टी पाहिलीस का?’ दार गप्प. तुफानने पुन्हा विचारलं. मी विंगेतून वाक्य पुरवलं. दार गप्पच. तिसऱ्यांदा त्याने खोक्यावर थाप मारली, आणि दार मोठ्याने म्हणालं, ‘नाही उघडणार. अजून माझे बाबा यायचेत.’ हॉलमध्ये हशा पिकला. लोकांना ते नाटकातलंच वाटलं. तुफानला काय करावं कळेना. तो म्हणाला, ‘अगं उघड ना, सगळे थांबलेत.’ ‘थांबू देत.’ ‘मला सू लागलीये!’ हशा आणखी वाढला. तुझी बायको मान खाली घालून बसली होती. खिडकीतला चेहरा लाल झाला होता आणि दोऱ्या तिने मुठीत आवळल्या होत्या. ते समोरच्यांना दिसत नसावं, मला बाजूने दिसत होतं.

मी विंगेतून रांगत दाराच्या मागे गेले. म्हटलं, टिल्ली, उघड. ती हळू म्हणाली, ‘खुर्ची रिकामी आहे.’ आणि मी म्हटलं, ‘ते आलेत. उशीर झाला म्हणून मागेच उभे आहेत. अंधार आहे ना, तुला दिसत नाहीत.’ मला तेव्हा काहीही माहीत नव्हतं. मी मागे पाहिलंसुद्धा नव्हतं. तीस मुलं ताटकळत होती, हॉल हसत होता आणि मला ते दार उघडून हवं होतं, म्हणून मी खोटं बोलले. चोवीस वर्षांच्या नोकरीत मुलांना गप्प बसवायला बारीकसारीक थापा मारल्या असतील, पण अशी नाही. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग दोऱ्या ओढल्या, दार उघडलं, आणि ते एकच वाक्य ती अशी म्हणाली की शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. मी शिट्टी वाजवली. टाळ्या पडल्या.

दिवे लागले तशी ती पाटांवरून उडी मारून खोक्यासकट मागे पळाली. शेवटच्या रांगेपर्यंत गेली, खांबामागे पाहिलं, व्हरांड्यात जाऊन आली. खोकं खुर्च्यांना अडकून फाटलं. तुझी बायको तिला जवळ घेऊन सांगत होती की बाबांना ऐन वेळी काम निघालं, तसा त्यांचा फोन आला होता. टिल्लीने माझ्याकडे पाहिलं. ‘बाई, तुम्ही म्हणालात मागे उभे आहेत.’ मी म्हटलं, मला तसं वाटलं. ती म्हणाली, ‘तुम्ही बघितलंच नव्हतं.’ आजूबाजूला चार-पाच पालक होते, मुलाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढणारे. तिचं बरोबर होतं. मी फाटलेलं खोकं उचलायला वाकले.

सोमवारपासून ती शाळेत येते, अभ्यास करते, डबा खाते. रुसवाफुगवा काही नाही. फक्त मी काही सांगितलं की हात वर करते आणि विचारते, ‘खरंच?’ सात नि पाच बारा होतात म्हटलं, तर ‘खरंच?’ उद्या सुट्टी आहे म्हटलं, तर ‘खरंच?’ उद्धटपणा नसतो त्यात. तिला खात्री करून घ्यायची असते. उत्तर मिळालं की ती पुन्हा वहीकडे वळते. बाकीच्या मुलांना त्यात गंमत वाटते. त्यांनीही आता ते उचललंय, पण ती हसत विचारतात.

मंगळवारी आमचे शिपाईमामा हॉलमधल्या खुर्च्या रचत होते, मी चिठ्ठ्या काढत होते. मी तुझी चिठ्ठी काढत असताना ते म्हणाले, ‘बाई, त्या दिवशी मागच्या दाराशी एक गृहस्थ उभे होते. मी म्हटलं, आत बसा, खुर्च्या आहेत, तर नको म्हणाले. एका पायावर भार देऊन उभे होते, दुसरा गुडघा अवघडल्यासारखा. ती पोरगी दार उघडेना तेव्हा दोन पावलं आत आले. मग तुम्ही रांगत स्टेजवर गेलात, तसे थबकले. टाळ्या संपायच्या आत निघून गेले.’ मी चिठ्ठी टाकून दिली आणि वर्गावर गेले. म्हणजे सायकलवरून पडलास तो गुडघा अजून तसाच आहे.

मला राग आला नाही. आधी वाटलं की आला, पण तो जुना होता. दवाखान्यात तू नेहमी बाहेरच्या बाकावर बसायचास. मी आत एकटी असायचे आणि मला वाटायचं, हा आलाच नाही. बाहेर आले की तुझ्या हातातल्या वर्तमानपत्राची सुरळी झालेली असायची, घामाने ओली. ती मला दिसायची, तरी मी म्हणायचे, तू नव्हतास. तू कधी उलट म्हणाला नाहीस की मी होतो. मोठ्या माणसांचं असं निभावून जातं, किंवा जात नाही, आपलं गेलं नाही. पण ही सात वर्षांची आहे.

म्हणून लिहिलं. माझ्यामुळे आत आला नाहीस हे मला समजतं, त्याबद्दल तुला विचारायचं नाही, आणि मला भेटायला यायचं नाही. तुझ्या बायकोला मी यातलं काही बोललेले नाही. मी टिल्लीला सांगू शकत नाही. मी म्हटलं तर ती ‘खरंच?’ विचारेल, आणि त्यावर मला तिच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही. तिला तूच सांगायचंस की बाबा मागे उभे होते आणि त्यांनी पाहिलं. त्यासाठी काम निघाल्याचा तुझा फोन खोटा होता हे तुला घरी कबूल करावं लागेल, बायकोसमोर थोडं खाली बघावं लागेल. ते कर. ती लगेच विश्वास ठेवणार नाही, तुझीच मुलगी आहे, मोजून घेईल. दार उघडल्यावर तिने एक दोरी सोडली होती, अर्धं दार परत मिटलं, आणि मोकळा झालेला तो हात तिने मागच्या अंधाराकडे हलवला. कोणता हात, ते ती तुला विचारेल. मी ते इथे लिहिलेलं नाही. तुला माहीत आहे.

तुझ्या मुलीच्या बाई